एई-२ पाणबुडी, १:१०० : इंजिनघर उघडलं

पहिल्या महायुद्धातल्या एई-२ या ऑस्ट्रेलियन पाणबुडीची लाकडी प्रतिकृती करतोय. दीड महिन्यानंतर लिहितोय, कारण हलचं, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या अंगाचं, काम दोनदा करावं लागलं. शिवणीच्या लाकडाच्या बारा मिलीमीटरच्या चार फळ्या एकावर एक चिकटवून त्यातून आकार काढायचा, हे मागे सांगितलं होतंच. खालच्या दोन फळ्या मी पुरत्या वाळू दिल्या नाहीत. शिकंजे काढल्यावर आठवड्याभरात शेपटाकडची बाजू दोन मिलीमीटर पिळली. कानस मारून लपवता आलं असतं, पण पाणबुडीच्या लांबट अंगावर पीळ लगेच डोळ्यात भरतो. फळ्या बदलल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तुमच्यापैकी कुणी शिवण वापरणार असेल तर एवढं ऐका: फळी घरात पंख्याखाली निदान महिनाभर ठेवा, मगच पटाशी हातात घ्या.

आता हल सरळ आहे. मूळ बोट ५५ मीटर लांब आणि साधारण ६.९ मीटर रुंद, म्हणजे माझ्या टेबलावर ५५ सेंटीमीटर बाय ७. ई वर्गाची, म्हणजे एई-२ ज्या जातीची होती त्या पाणबुड्यांची, ओळख दोन्ही कुशींना फुगलेल्या टाक्यांत आहे. घोड्याच्या पाठीवर दोन्हीकडे थैल्या टाकाव्यात तशा त्या दिसतात. त्यांची गोलाई पुठ्ठ्याच्या साच्यांनी दर पाच सेंटीमीटरवर तपासली. बाजूच्या टॉर्पेडो नळ्यांची तोंडं याच फुगवट्यात येतात, ती कोरायला दोन रविवार गेले. पुढे एक, मागे एक आणि दोन कुशींना दोन, अशा चारच नळ्या. डेकवर तोफ नाही. त्यामुळे डेक अगदी मोकळा दिसतो आणि कॉनिंग टॉवरवर, म्हणजे डेकवरच्या बुरुजावर, सगळी नजर जाते. दोन्ही पेरिस्कोप पितळी नळीचे केलेत.

आता मुख्य गोष्ट. उजव्या कुशीला, टॉवरच्या मागे, मी नऊ सेंटीमीटरची खिडकी कापली. इतकं घोटून गुळगुळीत केलेल्या लाकडात करवत घालताना हात थांबला होता. पण ही बोट मी ज्याच्यासाठी करतोय तो बाहेरून दिसतच नाही.

एई-२ ची कथा सहसा तिच्या कप्तानाभोवती सांगितली जाते. लेफ्टनंट कमांडर हेन्री स्टोकर, जन्म डब्लिनचा. २५ एप्रिल १९१५ च्या पहाटे, गॅलिपोलीवर सैन्य उतरत असताना, त्याने ही बोट सुरुंगांच्या रांगांखालून तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या अरुंद सामुद्रधुनीत नेली. चानाक्कालेजवळ तुर्की गनबोट पेक-ई-शेव्केतला टॉर्पेडो मारला. पळताना बोट दोनदा किनाऱ्याला लागली, एकदा तर थेट किल्ल्याच्या तोफांखाली, इतकी जवळ की तोफांची तोंडं तेवढी खाली वळेनात. तिथून सुटून ती मार्मारा समुद्रात पोहोचली. ३० एप्रिलला तिचा तोल सुटला, नाक पाण्याबाहेर आलं आणि सुलतानहिसार या टॉर्पेडो बोटीचे गोळे इंजिनघरात घुसले. स्टोकरने बोट स्वतःच बुडवली. ३२ च्या ३२ माणसं जिवंत बाहेर आली.

बहुतेक जण इथेच थांबतात, आणि मलाही बरीच वर्षं ही कथा इथेच संपते असं वाटायचं. पण त्या ३२ पैकी चौघं घरी गेले नाहीत. चीफ स्टोकर चार्ल्स व्हार्को, पेटी ऑफिसर स्टीफन गिल्बर्ट, एबल सीमन अल्बर्ट नॅग्ज आणि स्टोकर मायकेल विल्यम्स. चौघेही १९१६ साली तुर्की कैदेत आजारपणाने गेले. विल्यम्स तेव्हा विशीतला होता.

कप्तानाचं आडनाव आणि यातल्या दोघांचा हुद्दा एकच असल्याने नव्या वाचकाचा गोंधळ होतो, म्हणून सांगतो: स्टोकर म्हणजे मुळात कोळशाच्या भट्टीवरचा माणूस. ई वर्गात कोळसा नव्हता. तिथला स्टोकर डिझेल इंजिनं, पंप आणि झडपा सांभाळायचा. दिवसभर बोट पाण्याखाली बॅटरीवर चालायची. रात्री वर आली की इंजिनं सुरू करून बॅटऱ्या भरायच्या. म्हणजे वर ताऱ्यांखाली मोकळी हवा, आणि या मंडळींच्या वाट्याला तेलाचा वास आणि धडधड.

म्हणून खिडकी. आत प्रत्येकी आठ सिलिंडरची दोन व्हिकर्स इंजिनं, ८०० अश्वशक्तीची. सिलिंडरांसाठी रिकाम्या रिफिलचे सारखे तुकडे कापले, वरचे नळ तांब्याच्या तारेचे. एक इंजिन पूर्ण झालंय, दुसऱ्याचे पाच सिलिंडर बाकी आहेत. दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत एक स्टोकर उभा आहे. १:१०० मध्ये तो जेमतेम १७ मिलीमीटरचा. तारेचा सांगाडा, वर एम-सील, सुईने काढलेल्या घड्या. चेहरा मी घडवला नाही. एवढ्याशा आकारात मी काढला असता तो माझ्या मनातला झाला असता, त्याचा नाही. फक्त उजवा हात झडपेवर ठेवलाय. हा हात मी सहा वेळा केला.

गोळ्यांची भोकं दाखवणार नाही. माझी बोट २५ एप्रिलच्या पहाटेची आहे, अजून काहीच झालेलं नाही.

स्टँडचा विचारही बदलला. आधी पितळी खांब करणार होतो. पण या चौघांचा शेवट पाण्याशी जोडलेला नाही. एई-२ च्या खलाशांना तोरोस डोंगरात बेलेमेदिकला नेलं गेलं. तिथे बगदाद रेल्वेचे बोगदे खोदले जात होते आणि युद्धकैद्यांना कामाला जुंपलं जाई. त्या बोगद्यांतून पूर्ण रुंदीची गाडी १९१८ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, युद्धच संपत आलं तेव्हा. म्हणून बोट रुळांवर ठेवतोय. १४३५ मिलीमीटरचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) म्हणजे इथे १४.३५. रूळ पितळी पट्टीचे, स्लीपर त्या पिळलेल्या फळ्यांतून कापलेत.

याच रेल्वेच्या पूर्वेकडच्या टोकाला, रास अल-ऐनला, इराकमधल्या कूतच्या वेढ्यात तुर्कांनी पकडलेले हिंदुस्थानी शिपाई होते. कूत पडलं २९ एप्रिल १९१६ ला, एई-२ बुडाली त्याला वर्ष व्हायला एक दिवस कमी असताना. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. आमच्याकडे साताऱ्या-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, इतके परतले नाहीत. नुसते आकडे, नाव एकाचंही नाही. लहानपणी आमच्या शाळेतल्या पाटीखाली मी डबा खायचो. बोटीचं काम सुरू केलं तेव्हा ती पाटी माझ्या मनात नव्हती. रुळांसाठी बगदाद रेल्वेचे नकाशे चाळताना रास अल-ऐनवर माझं बोट आलं आणि तिथेच थांबलो.

स्टँडच्या कडेला चार नावं देवनागरीत कोरणार आहे. दुसऱ्या कडेला तीन पलटणींचे आकडे.

रंगाचं अजून ठरत नाही. उपलब्ध छायाचित्रं कृष्णधवल, त्यामुळे गडद राखाडीच्या तीन छटा टाकाऊ तुकड्यावर लावून खिडकीत ठेवल्यात, वेगवेगळ्या उजेडात बघतोय. तळाचा रंग त्यानंतर. बोटीचे अवशेष तुर्की संशोधक सेल्चुक कोलाय यांना १९९८ मध्ये सुमारे ७२ मीटर खोलीवर सापडले. हल बरीच शाबूत आहे, त्यामुळे रेलिंग आणि झाकणांच्या जागा त्या पाहणीच्या चित्रांवरून घेतोय. पुढच्या वेळी दुसरं इंजिन, मग रूळ. एम-सीलवर ॲक्रिलिक धरून राहण्यासाठी कुणी कोणता प्रायमर वापरता ते सांगा. झडपेवरच्या त्या हाताचा रंग मला निघू द्यायचा नाही.