मुंबई–नागपूर: अंतर ६८० किलोमीटर, पण वेळ किती धरावा?

मावशीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा दुपारी चार वाजता नागपूरला होता आणि काहीही झाले तरी मला वेळेवर पोहोचायचे होते, म्हणून जानेवारीतल्या त्या प्रवासात मी प्रत्येक टप्प्याची वेळ बोर्डिंग पासच्या मागे लिहीत गेले.

दोन्ही विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. रेल्वेने ते ८३७ किलोमीटर भरते, तर समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर असून तो मुंबईत नव्हे, भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. तिकिटावर दीड तासाहून थोडा अधिक वेळ छापलेला असतो, मात्र त्यात धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि रांगेत थांबण्याचा वेळही धरलेला असतो.

सकाळी सातला दादरचे घर सोडून मेट्रो ३ ने टर्मिनल २ गाठले. ९:५२ ला विमान जागेवरून हलले, पण चाके जमिनीवरून सुटली ती १०:१७ ला. ११:२४ ला नागपूरला उतरलो, म्हणजे प्रत्यक्ष हवेतला वेळ अवघा एक तास सात मिनिटे. धरमपेठेत मावशीच्या दारात पोहोचेपर्यंत १२:४० झाले होते. एकूण पाच तास चाळीस मिनिटे लागली. म्हणून ज्यांना कार्याला जायचे आहे त्यांनी घर ते घर सहा तास धरावेत.

परतीचा अनुभव मात्र वेगळा होता. भिवंडी-ठाण्याचे दिवे दिसू लागल्यावर मी पट्टा घट्ट केला, तेवढ्यात विमान वळले आणि पंखाखालून तेच दिवे पुन्हा, आणि मग आणखी एकदा सरकले. हवेत एक तास चाळीस मिनिटे गेली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरावी लागते आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात थांबावे लागते. शिवाय हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहत असल्याने जाताना ते पाठीशी असतात आणि येताना समोरून येतात. त्यामुळेही काही मिनिटांचा फरक पडतो.

आता नवी मुंबईहूनही उड्डाणे होतात, तेव्हा तिकिटावर विमानतळ कोणता आहे ते आधी पाहा. पहाटेच्या विमानासाठी मेट्रोवर विसंबू नका. नागपूरचे एअरपोर्ट मेट्रो स्थानक वर्धा रोडवर आहे आणि सामान घेऊन तिथपर्यंत चालत जाणे ज्येष्ठांना झेपणार नाही. माझ्या शेजारच्या आसनावरील गृहस्थांची त्याच रात्री दादरहून सुटणारी रत्नागिरीची गाडी या घिरट्यांमुळे चुकली. म्हणून मुंबईत उतरून पुढची गाडी पकडायची असल्यास तिकिटावरच्या आगमनानंतर किमान तीन तास हाताशी ठेवावेत, आणि विमान संध्याकाळचे असेल तर पुढचा प्रवास दुसऱ्या दिवशी सकाळीच करावा.