अंबाडा छताला लागतो

कोल्हापुरातल्या एका शोरूममध्ये मी चौदा वर्षं गाड्या विकतो. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत पुण्याहून आमच्याकडे दोन दिवसांसाठी एक डेमो गाडी आली. आमच्या कंपनीची सगळ्यात मोठी सेडान, पूर्ण नव्यानं घडवलेली, लांबी पाच मीटरला थोडीच कमी. मर्सिडीज घ्यायची ऐपत असूनही ती दारात नको वाटते, अशा लोकांची ही गाडी. आपल्याकडे असे लोक बरेच आहेत. शिरोलीचे फौंड्रीवाले, साखरेतले, अडतवाले. गाडी भारी हवी, पण कामगारांसमोर मिरवणारी नको.

गाडीबरोबर एक फॉर्म आला होता. जुन्या ग्राहकांना बोलवा, चालवायला द्या, काय आवडलं ते भरून पाठवा. प्रश्न होते स्क्रीनच्या आकाराचे, आतल्या दिव्यांच्या रंगांचे, सनरूफचे, आवाजाच्या यंत्रणेचे.

पहिल्याच दिवशी ताराबाई पार्कातलं एक कुटुंब आलं. शिरोलीत त्यांची फौंड्री. दारात 2011 ची स्कोडा सुपर्ब, अडीच लाख किलोमीटरच्या पुढं चाललेली. धो धो पाऊस होता. त्यांचे ड्रायव्हर तात्या आधी उतरले, मागच्या दारातल्या कप्प्यातून छत्री ओढली आणि आजींना धरून आत आणलं. ती छत्री गाडीबरोबरच येते. मी ते शंभरदा पाहिलं असेल, पण तिचा खरा उपयोग त्या दिवशी दिसला. दार उघडल्या उघडल्या छत्री हातात येते, म्हातारं माणूस भिजत नाही.

मालक, वहिनी आणि आजी सोफ्यावर बसले. मी स्क्रीन लावून सांगायला सुरुवात केली. तात्या मात्र गाडीजवळ उकिडवे बसून टायरवरचे आकडे वाचत होते.

"साहेब, 235, 45, अठरा. आणि आमची?"

"तुमची 215, 60, सोळा असेल ना?"

"व्हय. मग रबर गेलं की कमी."

बाहेरून दोन्ही चाकं जवळपास सारख्याच उंचीची. पण तो मधला आकडा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते. 215 चे 60 टक्के म्हणजे 129 मिलिमीटर, 235 चे 45 टक्के म्हणजे जेमतेम 106. खड्ड्यात दणका आधी खाते ती ही भिंत, आणि नव्या गाडीत ती बोटभर कमी झालेली. चाक मोठं दिसतं, फोटोत गाडी देखणी दिसते. तात्यांना फोटोशी देणंघेणं नव्हतं. "मालकांची कंबर हाय," एवढंच बोलून ते उठले.

टेस्ट ड्राईव्हला नेहमी मालक पुढं बसतात. हे मालक सरळ मागं बसले. म्हणाले, "मी चालवणार न्हाई. पुण्याहून रात्री निघाल्यावर कात्रज ओलांडलं की मी झोपतो, ते कावळा नाक्याला उठतो. तेवढं जमतंय का बघायचंय." सव्वादोनशे किलोमीटरची झोप. ह्या गाडीकडून त्यांना एवढंच हवं होतं, आणि फॉर्मवर तो प्रश्न नव्हता.

तात्या चालवत होते, मी शेजारी. आम्ही हायवेला लागलो, किणी टोलनाक्याच्या दिशेनं. सहापदरीचं काम चालू होतं, दर दोन-चार किलोमीटरवर डायव्हर्जन. गाडी सुरेख होती, हे आधी सांगतो. इंजिनाचा आवाज आत येत नव्हता, शेजारून ट्रक गेला तरी मालकांना आवाज चढवावा लागला नाही. समोरच्या गाडीशी अंतर राखून आपोआप वेग सांभाळणारी यंत्रणा तात्यांना मनापासून आवडली. "टाचेला आराम," म्हणाले. लेन सांभाळणारी मात्र लगेच बंद करायला लावली, कारण रस्त्यावर जुने पांढरे पट्टे अर्धवट पुसलेले, नवे त्यांना छेदून गेलेले, आणि स्टिअरिंग भलत्याच पट्ट्याकडं ओढ घेत होतं.

मग एका डायव्हर्जनला, ट्रकच्या मागोमाग आम्ही खालच्या रस्त्याला उतरलो आणि काच एकदम पांढरी झाली. बाहेर पाऊस, आत तीन माणसांचे श्वास, ओले कपडे. तात्यांचा डावा हात आपसूक खाली गेला, जिथं त्यांच्या गाडीत हवा काचेवर सोडायचं बटण आहे तिथं. तिथं काहीच नव्हतं, नुसती गुळगुळीत काळी पट्टी. सगळं स्क्रीनमध्ये. आधी एसीचं पान उघडायचं, मग काचेचं चित्र शोधायचं. मी पुढं झुकलो, माझंही ओलं बोट दोनदा फुकट गेलं. तेवढ्यात समोर ट्रकचे लाल दिवे पेटले. तात्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, हातभर अंतर राखून. मागून मालकांचा आवाज आला, "काय झालं?" कुणीच उत्तर दिलं नाही.

तात्यांनी खिशातला रुमाल काढून काच पुसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "साहेब, हात डोळ्याचं काम करतोय. त्याला सापडलं पायजे."

चौदा वर्षांत मी किती लोकांना ती गुळगुळीत पट्टी कौतुकानं दाखवली असेल! युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपनं 2026 पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे ह्यांना खरी बटणं किंवा दांडे नसतील तर पूर्ण गुण देणं बंद केलं आहे. ते वाचलं तेव्हा मला तात्यांचा तो रिकामा फिरणारा हात आठवला. आपल्या पावसात काचेवरच्या हवेचं बटण पहिलं असायला हवं.

परत आलो. वहिनींनी आवारात स्वतः गाडी फिरवली. चारी बाजूंचा कॅमेरा बघून म्हणाल्या, राजारामपुरीच्या गल्लीत ह्याच्यावाचून एवढी लांब गाडी नेणार नाही. अगदी खरं, तो कॅमेरा असलाच पाहिजे.

शेवटी आजी. त्यांच्या घरी नातवाची एसयूव्ही आहे, आणि आजींना तिच्यात चढायला लाकडी पाट ठेवावा लागतो. म्हणून तर घरात सेडान पाहिजे. देशात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्या आता उंच बांध्याच्या आहेत, पण सत्तरीच्या पुढच्या गुडघ्यांना विचारा.

"मी बसतो की," आजी म्हणाल्या. कोल्हापूरच्या जुन्या बायका असंच बोलतात. त्या नेहमीच्या सवयीनं पाठमोऱ्या झाल्या, एक हात दाराला, एक तात्यांच्या खांद्यावर, आणि बसायला गेल्या. नव्या गाडीचं छत मागं उतरत गेलेलं, स्पोर्ट्स गाडीसारखं. आजींचा अंबाडा छताच्या कडेला घासला, पिन निघाली. त्या आणखी वाकल्या, सीट जिथं असेल वाटलं त्याहून खाली होती, आणि शेवटचा वीतभर भाग त्या बसल्या नाहीत, पडल्या. लागलं काही नाही. पण पदर सावरून बसेपर्यंत त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. उठताना मालक आणि तात्या दोघं लागले.

मी स्टोअरमधून टेप आणला. दाराजवळच्या सीटची कड जमिनीपासून किती, ते दोन्ही गाड्यांचं मोजलं. सुपर्ब एकवीस इंच, नवी साडेएकोणीस. दीड इंच. तात्यांनी आकडे तळहातावर पेननं लिहून घेतले.

मालक जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "गाडी झकास हाय. पैशाचं न्हाई काही. पण आईला सोडून गाडी घिऊन काय करू?" सुपर्बला नवे शॉकॲब्सॉर्बर टाकून अजून दोन वर्षं काढायची असं ठरवून ते गेले. आजी मागं बसल्या, एका दमात, कुणाचा हात न घेता.

संध्याकाळी फॉर्म भरायला बसलो. विक्री न होण्याचं कारण निवडायचं होतं : किंमत, रंग, मायलेज, प्रतिस्पर्धी गाडी, अन्य. वरिष्ठ म्हणाले, किंमत टाका, सगळे तेच टाकतात. मी 'अन्य' निवडलं आणि खाली लिहिलं : आजींचा अंबाडा छताला लागतो. सीट दीड इंच वर घ्या. काचेवर हवा सोडायचं बटण हाताला सापडत नाही.