रोटेशननंतर माझा चारिझार्ड डेक: सात कार्डं गेली, त्याचा हिशोब

११ एप्रिल २०२५ पासून पोकेमॉन पत्त्यांच्या ‘स्टँडर्ड’ या स्पर्धाप्रकारातून ‘एफ’ अक्षराची जुनी कार्डं बाद झाली; या छाटणीलाच रोटेशन म्हणतात. त्या हंगामात ‘जी’, ‘एच’ आणि ‘आय’ तेवढी राहिली. त्याआधी दोन आठवड्यांवर ‘जर्नी टुगेदर’ हा नवा संच येऊन गेला होता, त्यामुळे गोव्यात जे आम्ही मोजके लोक खेळतो त्यांच्यात एकच विषय: जुने डेक (खेळायला रचलेले साठ कार्डांचे गठ्ठे) आता मोडायचे का? माझा डेक तेव्हा चारिझार्ड ईएक्स आणि पिजिअट ईएक्सचा होता (‘ईएक्स’ म्हणजे जास्त ताकदीचं पोकेमॉन कार्ड). मी तो मोडला नाही. काय काढलं, काय घातलं आणि कुठे गणित चुकलं ते लिहितो, कारण दर वर्षी एप्रिलच्या सुमारास हेच काम पुन्हा करावं लागतं.

पहिलं काम टेबलावरचं. साठही कार्डं सुलटी मांडायची आणि प्रत्येकाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं चौकटीतलं बारीक अक्षर बघायचं. ‘एफ’ दिसलं की बाजूला. इथे घाई करू नका. अल्ट्रा बॉलसारखं कार्ड पुन्हा छापून आलेलं असेल आणि नव्या छपाईवर चालू अक्षर असेल, तर त्याच नावाचं, त्याच मजकुराचं जुनं कार्डही चालतं. जुनी छपाई म्हणून चांगली कार्डं फुकून टाकलेले लोक मी पाहिलेत.

माझ्याकडून बाद झाली फक्त सात: रोटम व्ही, ल्युमिनियन व्ही, मॅनफी, रेडियंट चारिझार्ड, फॉरेस्ट सील स्टोन, लॉस्ट व्हॅक्यूम आणि कोलॅप्स्ड स्टेडियम. त्रेपन्न जागच्या जागी. चारिझार्ड, पिजिअट, मधली पायरी गाळून पोकेमॉन वाढवणारी रेअर कँडी, आर्व्हन, डस्कल ते डस्कनॉर ही उत्क्रांतीची रांग, तेव्हा सगळं शाबूत. लुगिया व्हीस्टारचा डेक खेळणाऱ्यांचं तसं नव्हतं. त्यांचा लुगियाही एफ, त्याला एनर्जी (हल्ल्यासाठी जोडायची कार्डं) पुरवणारा आर्किऑप्सही एफ. तिथे दुरुस्ती हा शब्दच लागू होत नाही, डेक सरळ फाइलमध्ये ठेवायचा. म्हणून आधी बघायचं की गेलेलं कार्ड घराचा खांब होतं की खिडकी.

मग प्रत्येक गेलेल्या कार्डासमोर वहीत लिहिलं की ते नेमकं काय काम करत होतं. रोटम पहिल्या फेरीत तीन कार्डं ओढून देत असे, बदल्यात फेरी संपायची. ल्युमिनियन बेंचवर (राखीव पोकेमॉनच्या रांगेत) उतरला की डेकमधून एक सपोर्टर (फेरीत एकदाच खेळता येणारं मदतीचं कार्ड) हातात. सील स्टोन कुठलंही एक कार्ड शोधून देई, पण ते ‘व्ही’ पोकेमॉनलाच जोडावं लागे, म्हणजे रोटम-ल्युमिनियन गेल्यावर ते तसंही निरुपयोगी. मॅनफीचं गंमतीदार आहे. तो बेंचवरच्या पोकेमॉनना हल्ल्याच्या डॅमेजपासून वाचवायचा, आणि सगळ्यात जास्त वाचवायचा रेडियंट ग्रेनिंजापासून. तो ग्रेनिंजाही एफच. चोर आणि कुलूप एकाच दिवशी गावाबाहेर गेले, त्यामुळे मॅनफीच्या जागी काही शोधायची गरजच पडली नाही. नवा संच आला की सगळे नवं काय आलं तेवढंच बघतात, आपल्याला छळणारं काय गेलं ते कुणी मोजत नाही.

सात रिकाम्या जागा मी अशा भरल्या: टेक्निकल मशीन इव्होल्यूशन दोन, चारमेलियन आणखी एक, पिजिऑटो एक, बड्यू एक, आर्टाझॉन एक, ब्रायर एक. कागदावर छान दिसलं. खेळायला बसलो आणि मलिगनवर मलिगन, म्हणजे पहिला हात परत करून पुन्हा पिसणं.

चूक साधी होती. गेलेल्या सातातले चार बेसिक, म्हणजे हातातून थेट मांडता येणारे, पोकेमॉन होते. जुन्या डेकमध्ये बेसिक बारा: चारमँडर तीन, पिजी दोन, डस्कल दोन, फेझांडिपिटी एक आणि ते चार. बारा बेसिक असताना पहिल्या सात कार्डांत एकही न येण्याची शक्यता साधारण १९ टक्के. बड्यू धरून माझ्याकडे नऊच उरले होते, तेव्हा ती ३० टक्क्यांवर जाते. हातात बेसिक नसलं की पुन्हा पिसायचं आणि समोरच्याला दर वेळी एक जादा कार्ड ओढायची मुभा. म्हणजे दर तीन-चार डावांत एकदा मी स्वतःहून प्रतिस्पर्ध्याला भेट देत होतो. एक नेस्ट बॉल आणि एक काउंटर कॅचर काढून चौथा चारमँडर व तिसरा डस्कल घातला. अकरा बेसिक, साधारण २२ टक्के. हे चालतं.

आता बड्यू. माझ्या डेकला खरा धक्का कुठल्या दांडग्या नव्या ईएक्सने दिला नाही, तो दिला जानेवारी २०२५ च्या ‘प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स’मधल्या या ३० एचपीच्या (एचपी म्हणजे पोकेमॉनची जीवशक्ती) कळीने. तिच्या हल्ल्याला एनर्जी लागत नाही, डॅमेज फक्त १०, पण पुढच्या फेरीत समोरच्याला हातातून एकही आयटम (साधनाचं कार्ड) खेळता येत नाही. रेअर कँडी आयटम. बडी-बडी पॉफिन आयटम. अल्ट्रा बॉल, नेस्ट बॉल, दोन्ही आयटम. चारिझार्डसारखा स्टेज २ (दोन पायऱ्या चढून उत्क्रांत होणारा) डेक म्हणजे आयटमांचीच माळ, ती एका फेरीसाठी नव्हे तर बड्यू पुढे आहे तोवर तुटते. पहिला खेळणारा पहिल्या फेरीत हल्ला करू शकत नाही, दुसरा करू शकतो, म्हणून समोर बड्यू असेल तर नाणेफेकीचा निर्णयसुद्धा बदलतो.

इथे नियमाची एक फट कामाला आली. स्कार्लेट-व्हायोलेट या मालिकेपासून ‘टूल’ (पोकेमॉनला जोडायचं कार्ड) हा आयटमहून वेगळा प्रकार आहे. टेक्निकल मशीन हे टूल, म्हणून बड्यूला ते अडवता येत नाही. आर्व्हन सपोर्टर, तोही मोकळा, आणि तो एक आयटम व एक टूल शोधून देतो. आर्टाझॉन स्टेडियम, तोही मोकळा. त्यामुळे क्रम असा: खेळायला दुसरा क्रमांक मिळाला तर पॉफिनने बेंचवर चारमँडर आणि पिजी, आर्व्हनने मशीन आणि पुढच्या फेरीसाठी कँडी, पुढे लढत असलेल्या पोकेमॉनला एक एनर्जी व मशीन जोडायची आणि हल्ला म्हणून बेंचवरचे दोन पोकेमॉन उत्क्रांत करायचे. फेरी संपताना मशीन डिस्कार्डमध्ये जातं. समोरच्याने नंतर बड्यू लावली तरी बेंचवर चारमेलियन आणि पिजिऑटो बसलेले असतात, त्यांच्यावर हातातून पुढचं कार्ड ठेवायला कँडी लागत नाही.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. मशीन एका वेळी एकच पायरी चढवतं, थेट शेंडा नाही, म्हणून मधली कार्डं डेकमध्ये हवीतच. कँडीवर भिस्त ठेवून चारमेलियन एकच ठेवलेला आणि पिजिऑटो मुळीच नाही, अशा जुन्या यादीत मशीन घालणं व्यर्थ. दुसरं, एकुलतं एक कार्ड सहा प्राइजांत (सुरुवातीला पालथी ठेवलेली, समोरचा पोकेमॉन बाद केला की घ्यायची कार्डं) अडकण्याची शक्यता साठात सहा, म्हणजे दहा टक्के, म्हणून चारमेलियन दोन. त्यातला एक फ्लेअर व्हेल अ‍ॅबिलिटीचा घ्या, त्याचं कारण पुढे येतं. तिसरी चूक सगळ्यात जास्त होते: पुढच्या फेरीत पुन्हा मशीन लावून चारमेलियनवर डेकमधूनच चारिझार्ड चढवणं. चारिझार्डची तीन फायर एनर्जी जोडायची अ‍ॅबिलिटी तो हातातून उतरवला तरच चालते. डेकमधून चढवला की राजा आला, पण हात हलवत आला.

फ्लेअर व्हेलचं कारण ड्रॅगापल्ट ईएक्स. त्याचा फँटम डाइव्ह समोर २०० डॅमेज करतो आणि बेंचवर सहा डॅमेज काउंटर (एक काउंटर म्हणजे १० डॅमेज) हवे तसे वाटतो. काउंटर ठेवणं म्हणजे डॅमेज नव्हे, तो हल्ल्याचा परिणाम. मॅनफीनेही हे अडलं नसतं, चारिझार्डच्या टेरा नियमानेही (बेंचवर असताना त्याला हल्ल्याचं डॅमेज होत नाही) अडत नाही. फ्लेअर व्हेल मात्र परिणामच अडवते. डस्कलवर सहाच्या सहा काउंटर टाकले की तो गेला, म्हणून तिसरा डस्कल.

उलट बाजूचं गणितही पाठ हवं. ड्रॅगापल्टचे ३२० एचपी. चारिझार्डचा हल्ला १८०, अधिक समोरच्याने घेतलेल्या प्रत्येक प्राइजमागे ३०. सामना शून्यावर असेल तर डस्कनॉरचे १३० आणि चारिझार्डचे १८० मिळून ३१०, म्हणजे दहा कमी वाटतात. पण डस्कनॉर स्वतःला नॉकआउट करतो, समोरचा लगेच एक प्राइज घेतो, आणि चारिझार्ड २१० वर जातो. बेरीज ३४०. दिलेलं प्राइज इथेच वसूल होतं. अशा बेरजा जमत असतील तर डेक जिवंत आहे, आणि नवा ईएक्स २० एचपी जास्त घेऊन आला की पहिल्यांदा हीच बेरीज तपासायची.

खरेदीचं थोडक्यात. बूस्टर फोडून हवं ते कार्ड मिळवायचा नाद सोडा. दहा कार्डांच्या पाकिटातून पिजिऑटो शोधणं म्हणजे मांडवीत सुई. सुटी कार्डं मागवा. मागवण्याआधी ‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’वर किंवा घरी दुसऱ्या कार्डावर चिठ्ठी सरकवून किमान वीस डाव खेळा. चिठ्ठी स्पर्धेत अर्थातच चालत नाही. आणि नवं कार्ड फार जबर असेल तर हात आणखी आखडता. ‘मॅजिक’ या पत्त्यांच्या दुसऱ्या खेळात ‘मॉडर्न होरायझन्स ३’ या संचामधला नादू १४ जून २०२४ ला आला आणि २६ ऑगस्टला ‘मॉडर्न’ या स्पर्धाप्रकारातून बॅन झाला. ज्यांनी त्यासाठी जुना डेक विकला ते पावसाळाही पार करू शकले नाहीत.

पावसाळ्यावरून आठवलं. सात नवी कार्डं घातली की सात नवी स्लीव्ह (कार्डावर चढवायची प्लॅस्टिकची पिशवी) घालू नका, साठही बदला. जुन्या स्लीव्हच्या कडा मळलेल्या असतात, नवी लख्ख दिसतात आणि परीक्षकाच्या नजरेत ती खूण केलेली कार्डं ठरतात. फॉइल कार्डांचं गोव्यात वेगळंच दुखणं. हवेतला ओलावा कागद शोषतो आणि फुगतो, फॉइलचा थर तसाच राहतो, कार्ड धनुकलीसारखं वाकतं. बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) बसून जूनमध्ये खेळलो की डेक कापताना नेमका चारिझार्डपाशीच उघडतो. जमेल तिथे साधी, बिनफॉइल छपाई वापरा. फॉइलच असेल तर आत घट्ट स्लीव्ह, बाहेर नेहमीची, आणि डबा झिपच्या पिशवीत पाच ग्रॅमच्या दोन सिलिका जेल पुड्यांसह. दोन दिवसांनी उघडून बघा. जास्त सुकलं तर ते उलट्या बाजूला वाकतं, तेव्हा एक पुडी काढायची आणि डब्यावर रात्रभर जाड पुस्तक ठेवायचं.