प्रॉडक्ट की नेमकी कोणासाठी?

विंडोज 95 च्या किरकोळ विक्रीच्या प्रतीला दहा अंकी प्रॉडक्ट की, म्हणजे प्रत विकत घेतल्याची खूण म्हणून ती बसवताना भरायचा क्रमांक, लागत असे. पहिले तीन अंक 333, 444 अशा काही ठरावीक संख्यांपैकी नाहीत ना आणि उरलेल्या सात अंकांच्या बेरजेला 7 ने निःशेष भाग जातो ना, एवढेच तपासले जाई. त्यामुळे 111-1111111 ही कीसुद्धा चालत असे. पडताळणीचे सूत्र प्रणालीतच (सॉफ्टवेअरमध्येच) असले, की ते वाचू शकणारा हव्या तेवढ्या की तयार करतो.

यावर डिजिटल स्वाक्षरी हा खरा उपाय आहे. मी गृहनिर्माण संस्थांच्या हिशेबाची प्रणाली विकतो. ग्राहकाचे नाव आणि मुदत यांवर मी माझ्या खासगी किल्लीने (फक्त माझ्याकडे असलेल्या गुप्त संख्येने) स्वाक्षरी करतो आणि प्रणालीत फक्त सार्वजनिक किल्ली ठेवतो, जिच्यामुळे स्वाक्षरी तपासता येते, पण नवी करता येत नाही. अर्थात, बनावट की अशक्य झाली तरी क्रॅक करणारा, म्हणजे प्रणालीचे कुलूप तोडणारा, कीच्या वाटेला जातच नाही. ‘तपासणी फसली तर थांब’ ही एक सूचना तो फाइलमध्ये बदलतो आणि त्याचे काम होते.

2001 साली विंडोज एक्सपीने ॲक्टिव्हेशन, म्हणजे की कंपनीकडून मंजूर करून घेण्याची पद्धत, आणले. की संगणकाच्या हार्डवेअरशी बांधली गेली, त्यासाठी 30 दिवसांची मुदत होती आणि इंटरनेट नसेल तर पडद्यावरचे 50 अंक फोनवर वाचून दाखवून 42 अंक उतरवून घ्यावे लागत. हे कष्ट पैसे मोजलेल्या ग्राहकाच्या वाट्याला आले. मोठ्या संस्थांच्या प्रतींना मात्र ॲक्टिव्हेशन लागत नसे, आणि तशीच एक की विक्री सुरू होण्यापूर्वीच फुटली होती. मराठी डीटीपी (संगणकावर छपाईची पाने जुळवणे) करणाऱ्यांना डोंगलचा, म्हणजे संगणकाला जोडल्याशिवाय प्रणाली चालू न देणाऱ्या छोट्या उपकरणाचा, अनुभव आहेच: ते हरवले किंवा त्याची पिन मोडली, की मासिकाचा अंक छापायला जायच्या दिवशी अडतो तो विकत घेणाराच.

कायदा कडक आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून वापरल्यास 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. पण एकट्याने प्रणाली लिहिणाऱ्याने कोर्टाच्या पायऱ्या किती चढायच्या? म्हणून माझी कीची व्यवस्था सराईत क्रॅकरसाठी नाहीच. एका संस्थेची की शेजारच्या संस्थेला सहज देणाऱ्या खजिनदाराला थांबवण्यासाठी आहे. बिलाच्या माथ्यावर परवानाधारक संस्थेचे नाव छापले जाते आणि बहुतेक ठिकाणी तेवढे पुरते.

सर्व्हरवर अवलंबून असलेली पद्धत मी मुद्दाम टाळली आहे. ॲडोबीने सीएस 2 (फोटोशॉप वगैरेंचा संच) चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणाऱ्या प्रती 2013 च्या सुरुवातीला उपलब्ध करून द्याव्या लागल्या. ॲडोबीसारख्या कंपनीला हे जमले. छोटा विक्रेता धंदा गुंडाळून निघून गेला, तर त्याच्या ग्राहकाला वाली कोण? संस्थेचे हिशेब लेखापरीक्षणासाठी वर्षानुवर्षे उघडावे लागतात. म्हणून मुदत संपल्यावर माझी प्रणाली नवी नोंद घेत नाही, परंतु जुन्या वह्या उघडते, छापते आणि एक्सेलमध्ये काढूनही देते, आणि ही अट मी करारातच लेखी घातली आहे.