दोह्यातील हटवलेला आणि पुन्हा उभा राहिलेला पुतळा

गेल्या फेब्रुवारीत मावसभावाकडे दोह्याला गेलो, तेव्हा गगनचुंबी इमारती आणि बाजारहाट यांपेक्षा मला एकच गोष्ट पाहायची होती, ती म्हणजे अदेल अब्देसमेद या शिल्पकाराचा 'कू द तेत' हा पाच मीटर उंचीचा कांस्यपुतळा. अब्देसमेद यांचा जन्म 1971 मध्ये अल्जीरियातील कॉन्स्टंटीन या शहरात झाला. ते अल्जिअर्सच्या कलाशाळेत शिकत असताना, 1994 मध्ये, शाळेच्या संचालकांची तिथल्या आवारातच हत्या झाली आणि त्याच वर्षी त्यांनी देश सोडून फ्रान्स गाठले. धर्माच्या नावाने होणारी हिंसा इतक्या जवळून अनुभवलेल्या या कलावंताने पुढे धारदार पात्यांच्या तारेतून क्रुसावरच्या येशूच्या चार आकृतीही घडवल्या; सुरक्षेच्या कुंपणांवर लावतात तीच ही तार.

दोह्यातल्या पुतळ्याचा विषय वरवर पाहता फुटबॉलचा आहे. 9 जुलै 2006 रोजी बर्लिनमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिनेदिन झिदानने इटलीच्या माटेराझ्झीच्या छातीवर डोक्याने धडक दिली आणि कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यातून तो लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, तो क्षण येथे गोठवलेला आहे. फ्रेंचमध्ये 'कू द तेत' म्हणजे डोक्याची धडक, आणि रागाच्या भरात, मागचापुढचा विचार न करता केलेली कृतीही. 2012 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रासमोर उभा असलेला हा पुतळा ऑक्टोबर 2013 मध्ये दोह्याच्या समुद्रकिनारी, कॉर्निशवर बसवला गेला. माणसाचा एवढा मोठा पुतळा भर रस्त्यात उभारणे ही मूर्तिपूजाच होय, असा आक्षेप अनेकांनी घेतला, काहींना तरुणांपुढे हा आदर्श नको होता, आणि काही आठवड्यांतच तो तेथून हलवण्यात आला. 2022 मध्ये, विश्वचषक कतारमध्ये भरण्याच्या काही महिने आधी, तो 3-2-1 ऑलिंपिक आणि क्रीडा संग्रहालयात आणण्याचे ठरले, तेव्हा खेळाडूंवरचा मानसिक ताण हा त्याचा अर्थ सांगितला गेला.

पहिल्या दिवशी माझी चूक झाली. तो शुक्रवार होता आणि मी सकाळी साडेनऊलाच संग्रहालयाच्या दारात उभा होतो. शुक्रवारी येथील संग्रहालये दुपारच्या नमाजानंतरच उघडतात, हे मी आधी पाहिले नव्हते. शिवाय प्रत्येक संग्रहालयाचा साप्ताहिक सुट्टीचा वार वेगवेगळा असतो, त्यामुळे वेळापत्रक निघण्याच्या आदल्या दिवशी तपासावे, आणि हा पुतळा त्या वेळी प्रदर्शनात आहे ना, तेही विचारून घ्यावे.

तो दिवस मात्र वाया गेला नाही. दुपारी मी हिरव्या मार्गाच्या मेट्रोने एज्युकेशन सिटीला गेलो. 'मतहफ' हे अरब आधुनिक कलेचे संग्रहालय तेथे 2010 च्या अखेरीस एका जुन्या शाळेच्या इमारतीत सुरू झाले. आवारात इजिप्तचे आदम हनैन यांचे 'जहाज' हे शिल्प आहे. अब्देसमेद यांच्याकडे वळण्याआधी मतहफ पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण अरब कलावंतांनी मानवाकृती कितीतरी दशके घडवली आणि रंगवली आहे, हे तेथील दालनांत फिरताना आपोआप कळते आणि 2013 च्या वादाकडे 'अरब विरुद्ध पुतळे' अशा सोप्या चष्म्यातून पाहणे बंद होते. जवळच पाच स्तंभांवर उभी असलेली मशीद आहे. इस्लामच्या पाच आधारांचे प्रतीक असलेल्या या स्तंभांवर कुराणातील आयती कोरलेल्या आहेत. नमाजाची वेळ टाळून, आधी विचारून आत जावे. खांदे व गुडघे झाकणारे कपडे असावेत आणि स्त्रियांनी डोक्यावर घ्यायला ओढणी जवळ ठेवावी.

रात्री जेवताना भावाने एक शब्द सांगितला, तो मनातून जात नाही. अरबीत पुतळ्याला 'तिम्साल' म्हणतात आणि पूजेच्या मूर्तीला 'सनम'. सगळा वाद या दोहोंमधल्या सीमेचा होता. हिंदी गाण्यांत आपण ज्याला प्रियकर किंवा प्रेयसी समजतो, तोच हा 'सनम', फारसी कवितेतून आलेला. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठा झाली की मूर्ती, नाहीतर तो पुतळाच, हा भेद आपण सहज पाळतो. म्हणूनच त्या आक्षेपाकडे मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी मशेरेब स्थानकात गाडी बदलून सोनेरी मार्गाने 'स्पोर्ट सिटी'ला उतरलो. साध्या वर्गाचे एका फेरीचे भाडे दोन रियाल आणि दिवसभराच्या पासाचे सहा रियाल पडतात, तेव्हा दिवसात तीनपेक्षा जास्त फेऱ्या होणार असतील तर पासच घ्यावा. संग्रहालय खलिफा स्टेडियमला लागूनच आहे, पण स्थानकापासूनचे चालणे उन्हात नकोसे होते. नोव्हेंबर ते मार्च हाच काळ निवडावा.

पुतळ्यासमोर लगेच छायाचित्र काढू नका. समोरून पाहिले तर माटेराझ्झीचे मागे कोलमडणारे शरीरच डोळ्यांत भरते. हळूहळू बाजूला या. झिदानचे डोके जेथे छातीला भिडले आहे तेवढ्याच जागी दोन्ही देह एकमेकांना टेकलेले आहेत, आणि त्याचा चेहरा खाली झुकल्यामुळे जवळजवळ दिसतच नाही. मार्सेयमध्ये जन्मलेला, अल्जीरियातल्या कबाइल प्रदेशातून आलेल्या आईवडिलांचा हा मुलगा आणि त्याच्याहून एका वर्षाने मोठा असलेला, अल्जीरिया सोडून फ्रान्सला गेलेला शिल्पकार यांचे नाते मला त्या झुकलेल्या मानेत दिसले. मी तेथे पाऊण तास होतो. शाळेची मुले येण्यापूर्वी, दार उघडताच गेलात, तर एवढा वेळ निवांत मिळतो.