रोहतांगवरून जा, बोगद्यातून परत या: मनालीहून एका दिवसाची गोल फेरी

मनालीला आलेले बरेच जण रोहतांग खिंडीत जाऊन त्याच रस्त्याने खाली उतरतात आणि त्याच डोंगराखालून जाणाऱ्या अटल बोगद्यासाठी वेगळा दिवस मोडतात. खरं तर दोन्ही मिळून एक सुंदर गोल फेरी होते: मनाली, पलचान, कोठी, गुलाबा, मढी, रोहतांग, ग्रामफू, कोकसर, अटल बोगदा आणि परत मनाली. अंतर सुमारे 115 किमी. बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंत पुढे गेलात तर आणखी बारा-पंधरा. आकडा लहान दिसला तरी पूर्ण दिवस हातात ठेवा.

फेरीची दिशा मात्र बदलू नका. खिंड सकाळी, बोगदा परतताना. माथ्यावर दुपारनंतर ढग भरतात आणि वारा सुटतो. उन्हाने बर्फ वितळून रस्त्यावर येणारं पाणीही दुपारीच वाढतं. उलट्या दिशेने गेलात तर थकलेल्या ड्रायव्हरच्या वाट्याला संध्याकाळच्या धुक्यात मढी-गुलाब्याचा उतार येतो. सुलट्या फेरीत त्या वेळी पुढे फक्त बोगदा आणि त्यानंतरचे पंचवीसेक किलोमीटर उरलेले असतात.

परवाना आधी, हॉटेल नंतर. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशामुळे रोहतांगवर दिवसाला 1200 पर्यटक गाड्यांचीच मर्यादा आहे: 800 पेट्रोल, 400 डिझेल. मंगळवारी रस्त्याच्या देखभालीसाठी खिंड पर्यटकांना बंद असते. म्हणून मनालीतले दिवस आखताना फेरी मंगळवारी येत नाही ना, हे पहिल्यांदा पाहा. परवाना ऑनलाइन निघतो आणि तो त्याच तारखेपुरता, त्याच गाडीपुरता चालतो. दहा वर्षांहून जुन्या गाडीला मिळत नाही. आरसी, पीयूसी आणि लायसन्स हाताशी असू द्या. पीयूसीची मुदत संपली असेल तर आधी तेच नवीन काढा. डिझेलचा कोटा लहान असल्याने मे-जूनमध्ये तो लवकर संपतो. परवान्याची छापील प्रत गाडीत ठेवा, कारण गुलाब्याच्या नाक्यावर तपासणी होते आणि वर मोबाइलच्या सिग्नलचा भरवसा नाही. नकाशाही मनालीतच डाउनलोड करून घ्या.

टॅक्सीने जाणार असाल तर परवान्याचं काम ड्रायव्हरकडे असतं, पण भाडं ठरवतानाच ‘ऊपर रोहतांग से, वापसी टनल से’ असं स्पष्ट सांगा. सांगितलेलं भाडं बहुधा रोहतांगला जाऊन-येऊन इतकंच असतं, आणि माथ्यावर पोचल्यावर ही घासाघीस करण्यात अर्थ नाही.

महिना कोणता? बर्फ हवा असेल तर खिंड उघडल्यानंतरचा मे आणि जून. त्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या बर्फाच्या भिंती असतात. गर्दीही तेव्हाच सर्वांत जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये कुलूच्या बाजूला दरडी आणि धुकं, त्यामुळे ते टाळावेत. गाडी चालवण्याचा आनंद आणि स्वच्छ शिखरं हवी असतील तर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य. रस्त्यावर बर्फ नसतो, पण नजर लांबवर जाते. आमची पसंती याच दिवसांना. ऑक्टोबरच्या शेवटाकडे मात्र सावलीतल्या वळणांवर पहाटे पाण्याचा पातळ, पारदर्शक बर्फ झालेला असतो. रस्ता नुसता ओला दिसतो आणि चाक घसरतं. अशा वळणावर ब्रेक दाबायचा नाही; वळणाआधीच वेग उतरवायचा.

मनाली सुमारे 2050 मीटरवर आहे आणि रोहतांग 3978 मीटरवर. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-बासष्ट टक्केच उरतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनची ताकद त्यामुळे साधारण एक तृतीयांश कमी होते. पाच माणसं आणि सामान भरलेली छोटी हॅचबॅक तिसऱ्या गिअरमध्ये धापा टाकते, तेव्हा वेळेवर दुसरा टाका आणि एसी बंद करा. टायरमधली हवा कमी करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वर बाहेरचा दाब घटल्याने गेजवरचा आकडा वाढतो, पण थंडीने तो तितकाच उतरतो. सकाळी टायर थंड असताना कंपनीने दिलेला आकडा भरा, बस. पेट्रोल मनालीतच भरा. ब्रेक ऑइल दोन-तीन वर्षं बदललं नसेल तर निघण्याआधी बदलून घ्या: त्यात मुरलेलं पाणी लांब उतारावर तापून उकळतं आणि पेडल खाली जातं.

माणसांसाठीही हीच उंची. मनालीत निदान एक रात्र, जमल्यास दोन काढून मगच ही फेरी करा. रात्रीचा मुक्काम परत खालीच असल्याने बहुतेकांना त्रास होत नाही, तरी डोकं जड होणं आणि मळमळणं नेहमीचं. माथ्यावर धावपळ नको आणि तासाभरापेक्षा जास्त थांबणंही नको. डोकेदुखी वाढत चालली किंवा उलट्या सुरू झाल्या तर उपाय एकच, खाली उतरणं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अगदी लहान बाळ असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खिंडीत जाऊ नये. अटल बोगदा आणि सिस्सू त्यांच्यासाठी पुरेसं देखणं आहे.

साडेपाच-सहाला मनाली सोडा. बर्फाचे कपडे आणि गमबूट भाड्याने घ्यायचे असतील तर ते पलचानच्या अलीकडे, नेहरू कुंडाच्या आसपासच्या दुकानांतून घ्या. पलचानला रस्ता फुटतो: डावीकडे सोलंग आणि बोगदा, उजवीकडे कोठी आणि रोहतांग. कोठीच्या दुकानातून कपडे घेतलेत तर संध्याकाळी बोगद्यातून आल्यावर ते परत करायला पुन्हा कोठी चढावी लागेल. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे कपडे लागतच नाहीत. जाड जॅकेट, कानटोपी आणि हातमोजे पुरतात.

गुलाब्यानंतर देवदार विरळ होतात आणि मढीला (सुमारे 3300 मीटर) झाडंच संपतात. नाश्ता आणि शौचालय इथेच उरका, माथ्यावर हॉटेल नाही. मढीच्या वर राणी नाल्याजवळ मे-जूनमध्ये चिखल आणि वितळलेल्या बर्फाचा राडा असतो. पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवून, मध्ये न थांबता पार व्हा. अर्ध्या क्लचवर रेटलंत तर क्लच प्लेट जळते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा आपल्या घाटातला नियम इथेही पाळा.

माथ्यावर बियास नदीचा उगम मानलं जाणारं कुंड आहे आणि समोर खिंडीपलीकडच्या लाहौल खोऱ्याची हिमशिखरं. गाडी थोडी पुढे नेऊन उत्तरेच्या उतारावर थांबाच. मागे हिरवं कुलू, पुढे उघडा-बोडका, तपकिरी लाहौल. महाबळेश्वरचं पाणी पिऊन फलटणकडे उतरताना जो पावसाचा हिशेब दिसतो, तोच इथे कितीतरी मोठ्या मापात आहे: पावसाळी ढग खिंडीच्या दक्षिणेलाच रिकामे होतात.

पुढचा उतार दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरा; ब्रेकवर पाय ठेवून नाही. ग्रामफूला उजवीकडे फुटणारा खडबडीत रस्ता काझाकडे, स्पितीत जातो. तो घेऊ नका. डावीकडे खाली कोकसर आहे. तिथल्या ढाब्यात राजमा-चावल खाऊन चंद्रा नदीचा पूल ओलांडा. वेळ असेल तर सिस्सूला जाऊन नदीपलीकडचा धबधबा पाहा आणि साडेतीनच्या आत परत फिरा.

अटल बोगदा 9.02 किमीचा आहे आणि 3 ऑक्टोबर 2020 पासून वाहतुकीला खुला. आत ओव्हरटेक करणं, थांबणं किंवा फोटोसाठी खाली उतरणं मनाई आहे. दर 250 मीटरवर कॅमेरे आहेत आणि दंड होतो. काचा बंद, दिवे लो-बीमवर. गाडी बंद पडलीच तर दर 150 मीटरवर मदतीचा फोन आहे. दक्षिण तोंडाबाहेर गाड्या कशाही उभ्या केलेल्या असतात, तिथे न थांबता सरळ खाली या. सोलंग ते पलचान हंगामात संध्याकाळी पाचनंतर तुंबतं. त्याआधी पलचान गाठलंत तर गमबूट उजेडातच परत देता येतील. पावती सांभाळून ठेवा, अनामत रक्कम तिच्यावरच मिळते.