पावसाच्या मुलखात सोलार परवडतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या गुहागरच्या घरी कुणीही आलं की छपराकडे बघून एकच प्रश्न येतो: "काकू, आपल्याकडे चार महिने आभाळ भरलेलं, मग सोलार परवडतं कसं?"

परवडतं. मात्र घर बारा महिने राहतं हवं, त्यावर ऊन पडायला हवं आणि पॅनेल गरजेपुरतीच घ्यायला हवीत. पावसाची धास्ती सगळ्यांना असते, पण हिशेब खरा अडतो तो ३१ मार्चला, आणि त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

एक किलोवॅटची पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट वीज देतात, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. ऑक्टोबर ते मे हे धरून चालायला हरकत नाही. जुलैत हेच निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. दिवसा घरात लागते त्याहून जास्त वीज तयार झाली की ती नेट मीटरमधून, म्हणजे येणारी आणि जाणारी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमधून, महावितरणच्या लाईनीत जाते, आणि ते युनिट तुमच्या खात्यावर जमा होतात. रात्री पंखे, फ्रिज, टीव्ही यांना जे लागतं ते त्यातून वजा होतं. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात.

आता कुणालाही वाटेल, आगोटीला आपण सोलं, सुकी मासळी, मिरच्या भरून ठेवतो तसे उन्हाळ्याचे युनिट पावसाळ्यासाठी साठतील. तसे ते साठत नाहीत. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्या दिवशी शिल्लक राहिलेले युनिट महावितरण विकत घेतं, आणि तेही आपण युनिटमागे जेवढे वाचवतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने. म्हणजे ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतची बेगमी पावसाआधीच मोकळी होते. जूनमध्ये हाताशी राहते ती फक्त एप्रिल-मेची शिल्लक, आणि मे महिन्यात तर मुंबई-पुण्याची पोरंबाळं येऊन घर भरलेलं असतं, विहिरीवरचा पंप दिवसातून दोनदा चालतो. मग शिल्लक ती कितीशी राहणार?

म्हणून माझं ठाम मत आहे की कोकणात पावसाळ्याची तूट भरून काढायला मोठा प्लांट घेऊ नये. वर्षाच्या बारा बिलांवरचे युनिट मांडा, सरासरी काढा आणि तेवढ्यालाच पुरेल असं घ्या. महिन्याला २५० युनिट जाळणाऱ्या घराला दोन किलोवॅट पुष्कळ झाले. विकणारा तीन सांगेल. पावसाळ्यात थोडं बिल येईल, ते येऊ द्या.

अनुदानही लहान प्लांटला चांगलं मिळतं. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. त्यापुढे कितीही मोठा घेतलात तरी अनुदान ७८,००० वर थांबतं.

बचत किती, हे आपण कुठल्या टप्प्यात वीज वापरतो त्यावर आहे. घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांच्या पुढचं युनिट जवळपास दुप्पट महाग पडतं. सोलारमुळे आधी हे महाग युनिट कमी होतात, म्हणून २०० ते ३०० युनिट वापरणाऱ्या घराला फरक लगेच जाणवतो. दोनच माणसं असलेल्या, ६० युनिट वापरणाऱ्या घराचे पैसे सुटायला पुष्कळ वर्षं जातील. आणि शून्य बिल कुणालाच येत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.

दुसरी गोष्ट लोकांना पैसे भरल्यावर कळते, म्हणून आधीच सांगते. लाईट गेली की साधं सोलारही बंद पडतं, बाहेर रणरणतं ऊन असलं तरी. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून सोलारचा इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे एक झावळ तारेवर पडली तरी संध्याकाळपर्यंत अंधार असतो. तेव्हा घरातला बॅटरीचा जुना इन्व्हर्टर मोडीत काढू नका. बॅटरीवर चालणारं हायब्रिड सोलार मिळतं, पण त्याचा खर्च वेगळा धरावा लागतो.

जागेचं म्हणाल तर एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागतात. कौलारू घराच्या वाशा-रिपांवर पॅनेल चढवायला मी तरी सांगणार नाही. कौलं फुटली की गळती लागते, आणि दर वर्षी कौलं चाळायची तर पॅनेल हलवणार कोण? त्यापेक्षा पडवीवरचा स्लॅब किंवा खळ्याच्या कडेला जमिनीवर पक्का सांगाडा चांगला. सावली मात्र नीट बघा. पॅनेल माळेसारखी एकामागे एक जोडलेली असतात, त्यातल्या एकावर माडाची सावली आली तरी बाकीच्यांचं उत्पन्न घसरू शकतं. डिसेंबरात सूर्य सर्वात खाली असतो, तेव्हा सकाळी नऊपासून चारपर्यंत सावली कुठे फिरते ते बघून जागा ठरवा. पॅनेलसाठी आंब्याचा धरता कलम तोडायचा विचारसुद्धा करू नका. जागा नसेल तर सोलार नको.

समुद्राकाठच्या माणसांनी सर्वात जास्त लक्ष सांगाड्यावर द्यावं. पॅनेल पंचवीस वर्षांच्या हमीची आणि नटबोल्ट साधे लोखंडी, असं झालं तर खारा वारा दोन-तीन पावसाळ्यांत त्यांचा चुरा करतो. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) किंवा अ‍ॅल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, शक्यतो खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ ग्रेडचे, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. पॅनेलची खाऱ्या हवेची चाचणी झाली आहे का, तेही विचारा. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आणि पुढच्या मे महिन्यातलं तौक्ते आपण भोगलं आहे. वाऱ्याचा किती वेग सांगाडा सोसेल हा प्रश्न इथे पहिल्यांदा विचारायचा असतो. अर्थिंगचंही तसंच. सड्यावर, म्हणजे उंचावरच्या सपाट माळावर, जांभ्याचा कातळ मे महिन्यात ठणठणीत कोरडा असतो, तिथे वरवरचा खड्डा खणून भागत नाही, आणि विजा नेमक्या तेव्हाच पडतात.

चाकरमान्यांच्या बंद घरांबद्दल फोन फार येतात. गणपतीला आणि मे महिन्यात उघडणाऱ्या घराचं बिल मुळात स्थिर आकाराएवढंच असतं. तिथे वाचणार काय? वर्षभर पॅनेलवर पाचोळा, पक्ष्यांची घाण आणि शेवाळ साचेल, ब्रेकर पडला तरी बघायला कुणी नसेल. तेच पैसे गावी राहणाऱ्या आईवडिलांच्या किंवा भावाच्या घरावर लावा. त्यांचा पंखा निर्धास्त फिरेल.

बसवायचं ठरलं तर गणपती झाल्यावर लगेच कामाला लागा. अर्ज, बँकेचं कर्ज, सांगाडा, नेट मीटर यांत वेळ जातो, आणि ऑक्टोबरचं ऊन वाया घालवू नये. बारा बिलं घेऊन कधीही या, बसून आकडे मांडू.